घरांतील यंत्रें : अडखळणारें चित्र

घरावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याविषयीं ह्या सदरांत कांहीं लिहावें, अशी सूचना वाचकांकडून वर्षभर येत आहे. आम्ही ती टाळीत होतों. एक तर पेणेसारख्या गांवीं आपल्या घरांत कोण आलें व कोण गेलें ह्याची नोंद शेजारच्या ओटीवर विनामूल्य होत असते. तेथें आणखी एका डोळ्याची गरज काय, असें आम्हांस वाटे. दुसरें म्हणजे, ज्याचा स्वतः अनुभव घेतला नाहीं त्याविषयीं लिहूं नये असा आमचा नियम आहे. गेल्या श्रावणांत रोह्यास आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें अनुभवाची उणीव भरून काढली.

रोह्याचें घर जुनें, जांभ्या दगडाचें. बंधू जाऊन सहा वर्षें झालीं. वहिनींचें वय चौऱ्यांशी. पुतण्या पुण्यास नोकरीला, पंधरा दिवसांनीं येतो. सूनबाई रोह्यासच शिक्षिका, त्या सकाळीं दहाला जातात आणि सायंकाळीं पांचाला परततात. गेल्या वर्षीं आगोटीच्या दिवसांत वहिनी न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पाय सरून पडल्या, आणि दीड तास कोणास पत्ता लागला नाहीं. त्या दिवसापासून पुतण्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यानें दोन कॅमेरे आणले. एक पडवींत लावला; दुसरा माजघरांत, देवघराचें दार व मागील दार हीं दोन्ही दिसतील अशा बेतानें. वहिनी प्रथम रागावल्या. "मी काय पळून जाणार आहें, म्हणून माझ्यावर पाळत ठेवतां?" असें त्यांनीं विचारलें, आणि त्याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. पुढें मात्र त्यांस त्याची इतकी संवय झाली कीं, दुपारीं कॅमेऱ्याखालीं उभ्या राहून, पदर सारखा करून, "जेवलास का रे?" असें त्या पुण्याच्या मुलास विचारूं लागल्या.

पडवीचें चित्र बरें येई. माजघराचें पहिल्या दिवसापासून अडखळे. माणूस दाराशीं दिसावें, तेथेंच पुतळ्यासारखें गोठावें, आणि एकदम दुसऱ्या कोपऱ्यांत प्रकट व्हावें. पुतण्यानें अधिक वेगाची, अधिक पैशांची इंटरनेट-जोडणी घेतली. फरक पडला नाहीं. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं कॅमेऱ्याकडे नुसतें पाहून "हा बदलावा लागेल" असा निर्णय दिला. नाडी न पाहतां औषध देणारे वैद्य सर्व धंद्यांत असतात.

श्रावणांतल्या एका सोमवारीं देवघरांतील चांदीची पंचपात्री नाहींशी झाली. ती बंधूंच्या मुंजींतली. तिची किंमत चांदीच्या भावावर ठरण्यासारखी नव्हती. रात्रीं पुण्याहून पुतण्याचा फोन आला. घरीं एकोणीस वर्षें धुणेंभांडें करणाऱ्या बाईंनीं ती नेली, ह्यांत त्यास संशय नव्हता.

"काका, मी ह्या डोळ्यांनीं पाहिलें आहे."

"काय पाहिलेंस तें क्रमानें सांग."

"दुपारच्या सुट्टीपूर्वीं मी सहज मोबाइल उघडला. बाई देवघराच्या उंबऱ्याशीं वांकल्या होत्या. मग त्या मागील दाराशीं, पदराखालीं कांहीं तरी धरलेल्या. संध्याकाळीं पंचपात्री नाहीं."

"आणि मधलें?"

"मधलें चित्र तुटलें. पण काका, त्यांत पाहायचें असें काय राहिलें?"

ह्या शेवटच्या वाक्यानें आम्हांस रात्रीं झोंप लागूं दिली नाहीं. गौडपादाचार्यांच्या माण्डूक्यकारिकांतील चौथ्या प्रकरणाचें नांव अलातशांति असें आहे. अलात म्हणजे जळतें कोलीत. तें गरगर फिरविलें म्हणजे अग्नीचें अखंड चक्र दिसतें. वस्तुतः चक्र कोठेंच नसतें, एका वेळीं एका जागीं एक निखारा असतो, आणि चक्र पाहणारा पुरें करतो. आचार्यांचा हेतु अर्थातच निराळा, वेदान्ताचा होता. पण सर्व चलच्चित्रांचें मर्म ह्या दृष्टान्तांत आहे. कॅमेरा चलन टिपीतच नाहीं. तो एका सेकंदास पंधरा, वीस, पंचवीस अशीं स्थिर चित्रें टिपतो. मूकपटांच्या काळीं हाताच्या दांड्यानें सेकंदास सुमारें सोळा चित्रें फिरविण्याची चाल होती. बोलपटापासून चोवीस ठरलीं. दादासाहेब फाळक्यांनीं 3 मे 1913 रोजीं मुंबईंत 'राजा हरिश्चंद्र' लोकांस दाखविला. पण त्याच्या आधीं, 1912 सालीं, त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें अनेक दिवस थोडथोड्या अंतरानें घेतलीं, आणि महिन्याभराची वाढ पाहणाऱ्यांपुढें क्षणांत उभी केली. मधले तास गाळले होते म्हणूनच तें आश्चर्य साधलें. वाटाण्याच्या बाबतींत गाळलेला काळ पाहणाऱ्यानें भरून काढल्यास बिघडत नाहीं. माणसाच्या बाबतींत तसें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही नागोठण्यावरून रोह्यास गेलों. इतकेंच ठरवून गेलों कीं, तुटलेले क्षण पाहिल्यावांचून कोणीं कोणास कांहीं बोलूं नये. आम्हांस उशीर झाला होता. सूनबाईंनीं आदल्या संध्याकाळीं सहज विचारावें तसें "पंचपात्री कोठें पाहिलीत का?" म्हणून विचारलें होतें, पण एकोणीस वर्षें ज्या घरांत वावरलें त्या घरांतला स्वर माणसास कळतो. त्या दिवशीं बाई कामावर आल्या नव्हत्या.

आतां परीक्षेची रीत सांगतों. वाचकांनीं ती आपल्या घरीं करून पाहावी. चित्राच्या कोपऱ्यांत तास, मिनिटें व सेकंद छापलेले असतात. बहुतेक लोक तिकडे पाहत नाहींत. रोग तेथें लिहिलेला असतो. सेकंदाचे आंकडे सातावरून एकदम अठरावर उडी मारीत असतील, तर मधलीं चित्रें आपल्यापर्यंत पोंचलींच नाहींत. आंकडे थांबून मग घाईघाईनें पण एकहि न गाळतां धांवत असतील, तर चित्रें सर्व आलीं, उशिरां आलीं इतकेंच. आणि आंकडे घड्याळासारखे नीट चालून हलणारीं माणसें मात्र पिशाच्चासारखीं लांबट, पुसट दिसत असतील, तर वाटेचा दोष नव्हे. प्रकाश अपुरा आहे. काळोखांत कॅमेऱ्यास प्रत्येक चित्रासाठीं डोळा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो, त्यामुळें चित्रें फांसतात, व कांहीं कॅमेऱ्यांत त्यांची संख्याहि घटते. अशा वेळीं राउटर बदलून उपयोग नाहीं. साधा दिवा लावावा.

आमच्या पुतण्यानें मोबाइलवर जतन केलेलीं दोन चित्रें आम्हीं मागविलीं. पहिल्यावर 11:42:07, दुसऱ्यावर 11:42:18. अकरा सेकंद. एवढ्या अवकाशांत त्यानें एक चोरी रचली होती.

हीं अकरा सेकंदें गेलीं कोठें? कॅमेऱ्याच्या पोटांत नखाएवढें मेमरी कार्ड असतें, आणि चित्र बाहेर पाठविण्याबरोबरच कॅमेरा तें कार्डावरहि लिहीत असतो. पुण्यास दिसतें तें दीर्घ प्रवास करून आलेलें. कार्डावरचें तेथल्या तेथें लिहिलेलें. पुण्याहून कार्डावरची नोंद मागविली तरी ती त्याच खडबडीत वाटेनें येणार. आम्हीं सूनबाईंकडून शिडी धरवून घेतली, कार्ड काढलें, आणि त्यांच्या लॅपटॉपांत घातलें. चित्र ओढ्याच्या पाण्यासारखें सलग वाहूं लागलें. बाई उंबऱ्याशीं वांकतात. दाराच्या आड, कॅमेऱ्यास न दिसणाऱ्या जागीं, वहिनी पूजेस बसलेल्या. त्यांचा हात तेवढा बाहेर येतो व निर्माल्याची परडी पुढें सरकवितो. बाई परडी उचलतात, पावसाची सर आलेली म्हणून तिच्यावर पदर घेतात, आणि मागील दारानें जातात. त्या गेल्यावर चौरंगाच्या कडेस पंचपात्री स्वच्छ दिसते.

आम्हीं नोंद तशीच पुढें चालूं दिली. बारा वाजून वीस मिनिटांनीं वहिनी स्वतः उठल्या, पंचपात्री पदरानें पुसली, आणि ती घेऊन स्वयंपाकघरांत गेल्या. तेथें कॅमेरा नाहीं. शोधतां शोधतां ती पोह्यांच्या डब्यांत सांपडली. वहिनी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसल्या. "मीच ठेवली असणार, भावोजी. पण मला तें कांहींच आठवत नाहीं," असें त्या म्हणाल्या. त्यांना डॉक्टरांस दाखवावयाचें त्याच दिवशीं ठरलें. तो विषय ह्या सदराचा नव्हे. परंतु कॅमेरा ज्या कारणासाठीं लावला होता, त्याचें खरें उत्तर त्यानें त्या दिवशीं दिलें.

आतां दोष कोठें होता तें पाहूं. नैयायिक ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात तीच येथें चाल: एक वस्तु असतां दोष असतो काय, आणि ती काढली असतां जातो काय. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार एकदम बदलल्या तर दोष गेला तरी कोणामुळें गेला हें कळत नाहीं. प्रथम आम्हीं माजघरांतला कॅमेरा, त्याच्याच अ‍ॅडॉप्टरसह, काढून ओटीवर राउटरशेजारीं ठेवला. चित्र निर्दोष. म्हणजे कॅमेरा, अ‍ॅडॉप्टर आणि पुण्यापर्यंतची इंटरनेटची वाट, तिन्ही निर्दोष ठरलीं, व नवा कॅमेरा घेण्याचे पैसे वांचले. पुन्हां माजघरांत लावला. पुन्हां अडखळूं लागला. तेव्हां दोष ओटी आणि माजघर ह्यांच्यामध्यें होता. मध्यें काय होतें? हातभर जाडीच्या जांभ्याच्या दोन भिंती आणि त्यांस टेकून उभें लोखंडी कपाट.

वायफाय ही रेडिओलहर आहे. लांकडी दारांतून ती सहज जाते. दगडांतून थकून जाते. लोखंडावरून परततें फिरते. आणि पाणी तिला पिऊन टाकतें. जांभा सच्छिद्र. मृगापासून हस्तापर्यंत आमच्या भागांतल्या भिंती ओल धरून असतात. म्हणून वैशाखांत चाललेला कॅमेरा आषाढांत अडखळूं लागला तर त्यास दैवी कोप समजूं नये. ह्या लहरींच्या दोन जाती राउटरवर असतात. पांच गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीपुढें दुबळी. अडीचच्या आंतली, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झची, संथ पण दूरवर जाणारी. भिंतीआडच्या कॅमेऱ्यास दुसरी द्यावी. मात्र दाट वस्तींत ह्या दुसरीवर सर्व शेजाऱ्यांची गर्दी होते. तींत एक, सहा व अकरा हे तीनच मार्ग एकमेकांत न मिसळणारे आहेत, त्यांतला मोकळा असेल तो राउटरमध्यें निवडावा. स्वयंपाकघरांतली मायक्रोवेव्ह भट्टी हीहि ह्याच पट्ट्यांत गोंगाट करते. रोज चहा तापवितांना चित्र अडखळत असेल तर कारण ओळखावें.

आम्हीं कपाट हलविलें. थोडा फरक पडला. मग आढ्याच्या वांशाला धरून नेटवर्कची केबल ओटीवरून माजघरांत नेली, व तेथें एक लहान राउटर बसविला. केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आणि तिला भिंतीची व पावसाची पर्वा नसते. त्या दिवसापासून चित्र अडखळलेलें नाहीं. ज्यांच्या कॅमेऱ्यास केबलची खोबण आहे, त्यांनीं ती सरळ कॅमेऱ्यालाच जोडावी.

एवढ्यानें ज्यांचें भागणार नाहीं त्यांच्यासाठीं आणखी कांहीं. इंटरनेटचा जो वेग जाहिरातींत सांगतात तो बहुधा घराकडे येणारा असतो. कॅमेऱ्यास घरांतून बाहेर जाणारा वेग लागतो, आणि मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या जोडणींत तो पुष्कळ कमी असतो. उत्तम प्रतीच्या, ज्यास 1080 म्हणतात त्या चित्रास सेकंदास सुमारें दोन मेगाबिट तरी द्यावे लागतात. चार कॅमेरे असतील तर हिशेब वाचकांनींच करावा. तो बसत नसेल तर चित्राची प्रत उतरवावी किंवा सेकंदाचीं पंचवीस चित्रें पंधरावर आणावीं. दारीं कोण आलें हें पंधरांतहि कळतें.

चित्र अडखळण्याऐवजीं त्याचे चौकोनी तुकडे पडतात, चेहरा भिंतीत विरघळतो, ह्याचें कारण आमच्या शिक्षकबंधूंस चटकन् समजेल. कॅमेरा प्रत्येक चित्र संपूर्ण पाठवीत नाहीं. एक पूर्ण पाठवितो, आणि पुढचीं कांहीं "वरीलप्रमाणें, फक्त एवढा बदल" अशा थाटांत. हजेरीपटांतली वरची ओळ उंदरानें खाल्ली तर खालच्या "सदर, सदर"चा अर्थ जसा कोणास लागत नाहीं, तसें पूर्ण चित्र वाटेंत हरवलें म्हणजे पुढचें पूर्ण चित्र येईपर्यंत सर्व गोंधळ. हाहि वाटेचाच दोष, आणि उपाय वर सांगितलेलेच.

विजेचा दोष फसवा असतो. दिवसा कॅमेरा उत्तम चालतो. दिवेलागणीनंतर बंद पडून पुन्हां सुरू होतो. रात्रीं त्याचे अदृश्य किरणांचे दिवे लागतात, त्यांस अधिक वीज हवी, आणि आपण अ‍ॅडॉप्टर दूर ठेवून लांब, बारीक वायर ओढलेली असते. तींत दाब घटतो. वायर आंखूड वा जाड करावी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या जिल्ह्यांत कित्येक गांवें दिवसेंदिवस काळोखांत होतीं, आणि तेव्हांपासून घरोघर इन्व्हर्टर आले. पण पुष्कळ घरीं दिवे व पंखे इन्व्हर्टरवर असतात, राउटर नसतो. वीज गेली कीं तो मरतो, आली कीं उठायला दोन मिनिटें घेतो, आणि नेमकीं तींच मिनिटें दूरच्यांस दिसत नाहींत. राउटरसाठीं लहानशी बॅटरी मिळते, ती घ्यावी.

कार्डावरचीच नोंद तुटक असेल तर कार्ड जुनें झालें. त्यावर रात्रंदिवस लिहिणें चालूं असतें; तें झिजतें. आणखी एक सूक्ष्म भेद: कांहीं कॅमेरे हालचाल होईल तेवढेंच टिपतात. हालचाल ओळखून जागे होईपर्यंत एकदोन सेकंद जातात, आणि दोन नोंदींमध्यें ते थोडी विश्रांतीहि घेतात. ह्यांत बिघाड कांहीं नाहीं; पण पुरावा म्हणून अशी नोंद पाहणाऱ्यानें हें आधीं जाणून असावें. भिंगापुढें कोळ्यानें जाळें विणलें तर रात्रभर तो कॅमेरा कोळ्याचेंच चरित्र लिहीत बसतो.

गणपतींत येणारी एक तक्रार ह्याहून निराळी. आमच्या पेणेच्या मूर्ति परदेशीं जातात, आणि मूर्तीमागोमाग तेथल्या मंडळींची नजर इकडच्या आरतीकडे वळते. एका घरच्या कॅमेऱ्यावर सात वाजतां पुणें, डोंबिवली, न्यू जर्सी असे सर्व एकदम डोळा लावून बसले तर तो किती जणांस पुरणार? अशा वेळीं एकानें पाहावें व इतरांस दाखवावें. पासवर्ड मात्र साऱ्या गोतास वांटूं नये, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. माजघर हें चव्हाटा नव्हे.

तिसऱ्या दिवशीं सूनबाईंस घेऊन आम्ही कुंडलिकेपलीकडे अष्टमीस बाईंच्या घरीं गेलों. पुतण्या फोनवर बोलणार होता. आम्हीं त्यास सांगितलें, आधीं आम्ही जातों, तूं रविवारीं ये आणि समोर बस. बाईंनीं आम्हांस पाणी दिलें, चहा ठेवला, आणि कांहीं बोलल्या नाहींत. झालें तें आम्हीं सांगितलें; चूक आमच्या घरची आहे हेंहि सांगितलें. तेव्हां त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीं पाहिलेंत तें मला दाखवा." सूनबाईंनीं लॅपटॉपांतून मोबाइलवर उतरवून घेतलेलीं तीं अकरा सेकंदें लावलीं. त्यांनीं दोनदां पाहिलीं. "मी एवढी वांकून चालतें होय?" इतकेंच त्या म्हणाल्या.

रविवारीं पुतण्या येऊन गेला. त्यांचें बोलणें काय झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. पुढच्या सोमवारीं दुपारीं त्याचा पुण्याहून फोन आला. बाई कामावर आल्या होत्या. निर्माल्य तुळशींत टाकून त्या माजघरांत परतल्या, कॅमेऱ्याखालीं थांबल्या, वर पाहिलें, आणि रिकामी परडी उलटी करून दाखविली.

"चित्र अडखळलें काय?" आम्हीं विचारलें.

"नाहीं, काका," तो म्हणाला, "सगळें दिसलें."